तिचे प्रकरण नेमके कोणाकडे आहे?

एखाद्या सुनेचा सासरी संशयास्पद मृत्यू झाला की दोन दिवस सगळीकडे एकच प्रश्न ऐकू येतो: ती आधी बोलली का नाही? विचारणाऱ्यांत आपणही असतो. व्हॉट्‌सॲपवर बातमी फिरते, खाली हळहळीचे शब्द येतात आणि चौथ्या दिवशी ग्रुपवर क्रिकेट सुरू होते. मला मात्र या प्रश्नाच्या मागे दडलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. ती बोलली असती तर कोणाशी? आणि ज्याने ऐकले असते, त्याने पुढे कोणाला कळवले असते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे पाहा. १८ ते ४९ वयोगटातील विवाहितांपैकी २९ टक्क्यांहून थोड्या अधिक स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे, म्हणजे दर चार घरांमागे एक. याच पाहणीनुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. हे आकडे सर्व धर्मांच्या घरांतले आहेत. ‘हा मुसलमानांचा प्रश्न’ म्हणणाऱ्याला ते उत्तर देतात. ‘आमच्यात असे काही नसते’ म्हणणाऱ्यालाही देतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक गोष्ट लवकर कळते. मोठी बिघाडे बहुतेक वेळा एखाद्या विभागाच्या आत होत नाहीत, ती दोन विभागांच्या मधल्या जागेत होतात. प्रत्येक टीम सांगते, आमचे काम आम्ही केले. ग्राहकाची तक्रार मात्र एका टीमकडून दुसऱ्या टीमकडे फिरत राहते, कारण तिचा मालक कोणीच नसतो. म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारतो: हे तिकीट कोणाच्या नावावर आहे? घरगुती हिंसाचाराच्या बाबतीत हाच प्रश्न आपण फार कमी विचारतो. पोलीस, रुग्णालय, न्यायालय, महिला व बालविकास विभाग, विधी सेवा प्राधिकरण हे सगळे आहेत. प्रत्येकाचे दार आहे, पाटी आहे. पण एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत त्या बाईला नेणारे कोण आहे?

कायद्याने याचे उत्तर वीस वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याआधी मारहाण झालेल्या विवाहितेपुढे मुख्यतः दोनच रस्ते होते. एक, भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९८अ खाली गुन्हा नोंदवणे. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आले आहे. दुसरा रस्ता घटस्फोटाचा. एकात नवरा तुरुंगात जाणार, दुसऱ्यात संसार मोडणार. पण बहुसंख्य स्त्रियांना यातले काहीच नको असते. त्यांना मार थांबायला हवा असतो, घरात राहता यायला हवे असते, मुलांचा खर्च मिळायला हवा असतो. २००५ चा कायदा हेच देतो: संरक्षण आदेश, निवास आदेश, आर्थिक साहाय्य, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. हिंसेच्या व्याख्येत मारहाणीबरोबर लैंगिक छळ, शिवीगाळ आणि अपमान, तसेच पैसे अडवणे, स्त्रीधन काढून घेणे हेही येते. तलाकची गरज नाही. गुन्हा नोंदवायलाच हवा अशी अट नाही. तुरुंगाचा प्रश्न येतो तो न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडला तर: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कायद्याचा खरा नवेपणा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. त्याने सगळी खाती एका साखळीत बांधली आणि साखळीच्या मध्यभागी एक माणूस ठेवला, संरक्षण अधिकारी. हा अधिकारी बाईची हकिगत ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतो. त्याला घरगुती घटना अहवाल म्हणतात. तो न्यायदंडाधिकाऱ्याकडे जातो आणि त्याची प्रत त्या भागाच्या पोलीस ठाण्यात जाते. बाईला दुखापत असेल तर वैद्यकीय तपासणी करून घेणे, राहायला जागा नसेल तर आधारगृह मिळवून देणे, वकील नसेल तर मोफत कायदेशीर मदत मिळवून देणे, न्यायालयाची नोटीस प्रतिवादीपर्यंत पोहोचवणे, आर्थिक आदेश पाळला जातो की नाही हे पाहणे, ही सगळी त्याची कर्तव्ये आहेत. पुरेसे कारण नसताना त्याने न्यायालयाने सांगितलेले काम टाळले तर त्याच्यासाठीही शिक्षा लिहिलेली आहे. थोडक्यात, तिकीट त्याच्या नावावर आहे.

बाकीच्यांनाही कायद्याने मोकळे सोडलेले नाही. ठाण्यात आलेल्या बाईला या कायद्याखालचे हक्क, संरक्षण अधिकारी, सेवा देणाऱ्या संस्था आणि मोफत वकिलाची सोय यांची माहिती देणे हे पोलिसांवर कलम ५ नुसार बंधनकारक आहे. रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही. आधी अहवाल आणा, असे म्हणू शकत नाही. न्यायदंडाधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे लिहिले आहे. आणि कलम ११ सरकारला सांगते की विधी, गृह, आरोग्य या खात्यांत परिणामकारक समन्वय ठेवा आणि त्याचा वेळोवेळी आढावा घ्या. म्हणजे खात्यांनी एकमेकांशी बोलावे ही आपली भाबडी अपेक्षा नाही, कायद्यातले कलम आहे.

प्रत्यक्षात काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. ओळखीतल्या एका बाईंबरोबर, मी त्यांना आपा म्हणतो, काही वर्षांपूर्वी वेगवेगळ्या कार्यालयांत फिरलो. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही एवढेच लिहितो. रुग्णालयात हाताला प्लास्टर घातले गेले. केसपेपरवर ‘जिन्यावरून पडल्याने’ असे लिहिले गेले, कारण विचारले गेले तेव्हा शेजारी सासू उभी होती. चौकीत एनसी लिहून घेतली आणि ‘नवरा-बायकोचे आहे, बसून मिटवा’ असा सल्ला मिळाला. संरक्षण अधिकारी असे कोणी असतात, हे तिथे कोणी सांगितले नाही. तो शब्द आम्हाला एका वकिलांकडून कळला. त्या कार्यालयात गेलो तर अधिकारी दुसऱ्या कामाच्या दौऱ्यावर. हे काम त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून होते. तोपर्यंत आपांनी तीच हकिगत चार वेळा, चार अनोळखी माणसांना, पहिल्यापासून सांगितली होती. चौथ्यांदा सांगताना त्यांचा आवाज सपाट झाला होता. समोरच्याला कदाचित वाटले असेल, फार काही झालेले दिसत नाही.

तरीही न्यायालयाने आदेश दिला. नवऱ्याने मारहाण करायची नाही, घरातून काढायचे नाही. आपा घरी परतल्या. बारा दिवसांनी रात्री पुन्हा दार वाजले. फोन केल्यावर आलेल्या हवालदाराने सरळ सांगितले, “असा आदेश आमच्याकडे आलेला नाही.” कायद्याच्या कलम २४ नुसार आदेशाची मोफत प्रत ठाण्याला जायला हवी होती. ती मधेच कुठेतरी थांबली होती. आपांच्या पर्समध्ये एक घडी घातलेली प्रत होती, म्हणून ती रात्र निभावली. डॉक्टर, हवालदार, अधिकारी, लिपिक, यांच्यापैकी कोणी दुष्ट होता असे मला वाटत नाही. प्रत्येकाने आपल्या टेबलापुरते काम केले. टेबलांच्या मधली जागा कोणाचीच नव्हती.

हे असेच चालायचे, असे मात्र नाही. दोन खाती खरोखर जोडली की काय होते, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. त्रासलेली बाई पोलिसांकडे येणारच, तर तिथेच एक प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसलेली असावी. ती पोलिसांची नोकर नाही, पण पोलिसांच्या आवारात आहे. बाईला खुर्ची मिळते, हकिगत पूर्ण ऐकली जाते आणि गरज पडली तर अधिकारी भिंतीपलीकडेच असतो. पुढे महाराष्ट्र सरकारने ही कल्पना आपलीशी केली आणि आज हे कक्ष राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. इतर काही राज्यांनीही ती उचलली.

दुसरे उदाहरण रुग्णालयातले. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० च्या सुमारास वांद्रे येथील भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. नंतर कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांत ते गेले. यामागचा विचार असा की मार खाल्लेली बाई ठाण्यात जाणार नाही, वकिलाकडे जाणार नाही, पण दवाखान्यात येईल. कधी हात मोडला म्हणून, कधी नुसतेच डोके दुखते, झोप लागत नाही म्हणून. तेव्हा डॉक्टर आणि परिचारिकांना खुणा ओळखायला शिकवा, बाईशी एकटीने बोला, नोंद नीट करा आणि त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवा. आपांच्या केसपेपरवरचे ते ‘जिन्यावरून पडल्याने’ आठवा, म्हणजे एका प्रशिक्षित परिचारिकेची किंमत कळेल. वांद्रे आणि कुर्ल्याच्या वस्त्यांतून या रुग्णालयांत किती मुस्लिम बायका येतात, हे तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभे राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

२०१५ पासून केंद्राची ‘सखी’ वन स्टॉप केंद्रे आली. वैद्यकीय मदत, पोलीस मदत, कायदेशीर सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एकाच छताखाली, हा त्यांचा उद्देश. १८१ ही महिला हेल्पलाइन त्यांना जोडलेली आहे. ११२ वर तातडीची पोलीस मदत मिळते, १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाची. मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक स्त्री त्यासाठी पात्र आहे. यंत्रणा कमी नाही. ती जोडलेली आहे का, एवढाच प्रश्न आहे.

जोडण्याची एक रीत परदेशात रुळली आहे, ती सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात २००३ मध्ये पोलीस, आरोग्य सेवा, घरे देणारा विभाग, मुलांचे संरक्षण पाहणारे अधिकारी आणि महिला संस्था ठरावीक दिवशी एका टेबलाभोवती बसू लागल्या. शहरातल्या ज्या स्त्रियांच्या जिवाला सर्वांत जास्त धोका आहे, त्यांचीच प्रकरणे घ्यायची. प्रत्येकाने आपल्याकडची माहिती मांडायची आणि उठण्यापूर्वी कोण काय करणार हे लिहून ठेवायचे. नंतर ही पद्धत ब्रिटनभर गेली. यात मोठे तंत्रज्ञान नाही. पोलिसांना माहीत असते की तो तीनदा दारू पिऊन धिंगाणा घालताना सापडला. दवाखान्याला माहीत असते की तिचे दोनदा टाके घातले. शाळेला माहीत असते की मुलगा आठवडाभर आलेला नाही. वेगवेगळे पाहिले तर तीन किरकोळ गोष्टी. एकत्र पाहिले तर एका मृत्यूची पूर्वसूचना. हिंसा घडल्यावर धावणे आणि हिंसा रोखणे यांतला फरक तो इथे आहे. आपल्या जिल्ह्यात हे करायला नवा कायदा लागत नाही. कलम ११ आहेच.

आता आपल्या घरातले बोलू. मी हा विषय मित्रांत काढतो तेव्हा दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली: हा कायदा आपल्याला लागू नाही, आपला पर्सनल लॉ वेगळा. हे चूक आहे. २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे आणि तो इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतल्या एका मुस्लिम स्त्रीचे प्रकरण आले होते. मुफ्तींकडून खुला झाला आहे, म्हणून आता ही तक्रार चालणार नाही, असे नवऱ्याचे म्हणणे होते. विवाह संपला तरी त्याआधी झालेल्या हिंसेबद्दल दाद मागण्याचा हक्क संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेला बाहेर काढता येते, हा समजही २०२० च्या निकालानंतर टिकत नाही. नवऱ्याबरोबर ती ज्या घरात नांदली, ते नातेवाइकांच्या मालकीचे असले तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. तिला माहेरी यावे लागले असेल तर माहेरच्या गावातल्या न्यायालयातही अर्ज करता येतो.

दुसरी गोष्ट अवघड आहे आणि ती टाळून चालणार नाही. ‘पोलिसांना घरात आणायचे? आपल्या पोरांना? आजच्या दिवसांत?’ ही भीती खोटी नाही. ज्या वस्तीत रात्री-अपरात्री गाडी येऊन पोरांना उचलून नेल्याच्या कहाण्या आहेत, तिथल्या बाईला ‘जा, तक्रार कर’ म्हणणे सोपे नसते. तिला मार नको असतो, पण आपल्या दिराला, भावाला, मोहल्ल्याला एखाद्या बातमीचा विषय करायचाही नसतो. एकदम तीन तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या २०१९ च्या कायद्यावरून आपल्यात बरेच मतभेद आहेत आणि ते राहोत. पण त्या वादाच्या धुरळ्यात २००५ चा कायदा झाकला गेला, हे नुकसान आपल्याच बायकांचे झाले. कारण तो कायदा नेमका या भीतीला उत्तर देतो. त्याचे पहिले दार पोलीस ठाणे नाही, संरक्षण अधिकारी आहे. तिथे केलेली नोंद एफआयआर नाही. अधिकारी भेटत नसेल तर ती वकिलामार्फत थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. घटना अहवाल नसला तरी न्यायालय आदेश देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा भीती मान्य करू, पण तिच्या आडोशाला मार चालू ठेवू नये. समाजाच्या इज्जतीची किंमत दर वेळी घरातल्या बाईनेच का मोजावी?

मग जमातीचे काय? आपल्याकडे तक्रार बहुधा आधी तिथेच जाते, मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडे, मौलानांकडे, कधी दारुल कजाकडे. यात वाईट काही नाही. दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमून समेटाचा प्रयत्न करण्याची शिकवण कुरआनच्या सूरह निसामध्ये आहेच. प्रश्न मध्यस्थीचा नाही, तिच्या रीतीचा आहे. २००६ च्या नियमांत न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकासाठी काही बंधने आहेत आणि ती आपल्या प्रत्येक जमातीने भिंतीवर लावावीत अशी आहेत. समुपदेशक कोणत्याही बाजूचा नातेवाईक किंवा वादाशी संबंध असलेला नसावा. हिंसा पुन्हा होणार नाही अशी हमी नवऱ्याने द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मारहाणीचे समर्थन तिथे ऐकूनच घेतले जाणार नाही. ‘ती उलट बोलली म्हणून’, ‘जेवण वेळेवर नव्हते म्हणून’, हे वाक्य सुरू झाले की थांबवायचे. आपल्या किती बैठकांत हे वाक्य थांबवले जाते? बहुतेक ठिकाणी बैठक तिथूनच सुरू होते आणि तिला सब्र करायला सांगून संपते.

माझे म्हणणे एवढेच की जमातीने भिंत न होता पूल व्हावे. मार झाला असेल, धमकी असेल, लेकरांना धोका असेल, तर समेटाची बैठक थांबवून तिला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवायचे. तिच्याबरोबर एखादी जाणती बाई द्यायची. त्यानंतर बसून बोलायचे असेल तर तिच्या इच्छेने, आदेश हातात असताना. निकाह लावताना मेहरची रक्कम जशी लिहून घेतो, तसेच दोन्ही घरांना हेही सांगता येईल की हात उगारला तर जमात कोणाच्या बाजूने उभी राहील. ते आधी माहीत असले तर काही हात उगारलेच जाणार नाहीत. रोखणे यालाच म्हणतात.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की महिला व बालविकास विभागातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून सहा आठवड्यांत नेमा आणि या कायद्याचा प्रसार करा. कायदा होऊन जवळपास वीस वर्षांनी न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच सगळे आले. आता पाठपुरावा नागरिकांनी करायचा. आणि इथे आपण, शिकलेली, नोकरी करणारी, अर्ज लिहू शकणारी पिढी, कामाला येऊ शकतो.

पहिले काम: आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, कुठे बसतो, कोणत्या वारी भेटतो, हे शोधा. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. त्यातच विचारा की गेल्या वर्षी किती घटना अहवाल न्यायालयात गेले आणि कलम ११ नुसार खात्यांची आढावा बैठक कधी झाली. दुसरे: ही माहिती एका कागदावर मराठीत आणि उर्दूत लिहून दवाखान्यात, शाळेत, मशिदीच्या ऑफिसात, बचत गटात आणि अंगणवाडीत द्या. आशाताई आणि अंगणवाडीसेविका घराघरांत जातात. काळानिळा डाग त्यांना सर्वांत आधी दिसतो. तिसरे: कोणी मदत मागितली तर सल्ला देऊन मोकळे होऊ नका, बरोबर जा. केसपेपरवर काय लिहिले ते वाचा. एनसीची प्रत मागा. न्यायालयाचा आदेश मिळाला तर त्याची प्रत ठाण्यात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. यंत्रणा एकमेकांशी बोलायला लागेपर्यंत तो कागद कोणीतरी हाताने न्यावा लागेल.

आणि शेजारच्या घरातून आवाज येत असेल तर? कायद्याच्या कलम ४ नुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तातडीच्या प्रसंगी फोनवरून किंवा ई-मेलने कळवले तरी त्याने पोलिसांची मदत घेऊन तिथे पोहोचायचे आहे, असे नियम सांगतात. तेव्हा ‘आपण कशाला मध्ये पडा’ याला कायद्याचा आधार नाही.

पुढच्या वेळी कोणी विचारले की ती आधी बोलली का नाही, तर त्याला सांगा की कदाचित बोलली होती. दवाखान्यात डोके दुखते म्हणाली, माहेरी चार दिवस जास्त राहिली, भाभीपाशी रडली, चौकीच्या दारातून परत आली. या चारही ठिकाणी कोणी ना कोणी होते. त्यांच्यापैकी एकाने जरी विचारले असते की हिचे प्रकरण आता कोणाकडे आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबले असते, तर ते प्रकरण कोणाच्या तरी नावावर लागले असते.